गोळ्या सुरू आहेत, पुढं काय?

महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही नाही. जालन्यासाठी एक मंजूर झालं तेव्हा इकडं आनंद झाला आणि तो साहजिकच होता. अनुशेषाची भाषा आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना कुणी शिकवावी लागत नाही. सिंचनाचा, रस्त्यांचा, तसाच खाटांचा. पण मला इथं ज्यांना खाट मिळाली त्यांच्याबद्दल बोलायचंय. ज्यांच्यावर उपचार झाले, जे बरे होऊन घरी आले आणि आता घरातच बसून आहेत, अशा वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींबद्दल.

मानसिक आजारांपैकी निम्म्याहून जास्त पंचविशीच्या आत सुरू होतात. म्हणजे पोरगं लातूरला नीटच्या रिपीटर बॅचला असतं, संभाजीनगरच्या एखाद्या अभ्यासिकेत एमपीएससीची तिसरी वारी करत असतं, चाकणला कंत्राटावर लागलेलं असतं, किंवा पोरगी नुकतीच सासरी गेलेली असते, त्याच वयात. कुणाला चार-चार रात्री झोप येत नाही आणि आपल्यामागं माणसं लागलीत असं वाटायला लागतं. कुणी जिवाचं बरंवाईट करून घ्यायला निघतं. मग धावपळ. आधी बहुतेक घरांत ‘बाहेरचं’ बघून झालेलं असतं, तो विषय वेगळा. शेवटी संभाजीनगरचा सरकारी घाटी दवाखाना, अंबाजोगाई, नांदेड, लातूर, नाहीतर जिल्ह्याच्या गावचा खाजगी मानसोपचारतज्ज्ञ. तिथं गर्दी आहे, माणसं कमी आहेत, पण निदान कुणीतरी आहे. औषध सुरू होतं, झोप लागते, दोन-तीन आठवड्यांत डिस्चार्ज कार्ड हातात पडतं.

त्यानंतरच्या वर्षभरासाठी आपल्याकडं दोनच गोष्टी आहेत: गोळ्या आणि आई.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. अशी मुलं मला दरवर्षी दिसतात. आधी हजेरीपटावरून गायब होतात, मग दोन सत्रांनी मागच्या बाकावर परत येतात. अशा घरांत गेलं की ठरलेल्या खुणा दिसतात. फाइल कापड दुकानाच्या पिशवीत घालून कपाटाच्या वर ठेवलेली. गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यामागं, पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. आई रात्री भांडी झाल्यावर पट्टीतली रिकामी घरं चाचपून बघते. मोबाइल काढून घेतलेला. औषधानं वजन वाढलंय, सकाळी नऊ-दहापर्यंत डोळा उघडत नाही, म्हणून बापाच्या लेखी पोरगं आळशी झालंय. आलागेला म्हणतो, जास्त विचार करायचा नाही, देवाचं नाव घ्यायचं. हाताला बारीक कंप असतो, त्यामुळं चहा आला की पोरगं बशी जमिनीवरच ठेवतं आणि कुणी बघत नसताना उचलतं.

यात कुणाची माया कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण घरात ज्याला त्याला एकच भीती असते, पुन्हा तसं होईल काय. आणि तोच प्रश्न त्या पोरालाही पडलेला असतो, फक्त तो विचारायला माणूस नसतो. आईला विचारलं तर ती रडते. डॉक्टरांच्या दारात साठ माणसं ताटकळलेली असतात. ते झोप, भूक, गोळी एवढं विचारतात आणि पुढचा नंबर येतो. जुने मित्र भेटले तर क्रिकेटवर बोलतात आणि लवकर उठतात. मग अशा पोराचे प्रश्न असे पडून राहतात: गोळी किती वर्षं घ्यायची? मुलाखतीत दीड वर्षाच्या गॅपचं काय सांगायचं? लग्न ठरताना मुलीला सांगायचं का? रात्री मनात पुन्हा तसले विचार आले तर हे आजाराचं आहे की साधं टेन्शन, हे ओळखायचं कसं?

या प्रश्नांना सगळ्यात चांगलं उत्तर ज्यानं ते स्वतः पाच वर्षांपूर्वी विचारले होते तो देऊ शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे. आजारातून गेलेल्या आणि आता स्थिरावलेल्या तरुण माणसाला, प्रशिक्षण देऊन, पगार देऊन, नुकत्याच घरी आलेल्या तरुण माणसासोबत जोडून द्यावं, आणि हे काम सरकारी आरोग्यव्यवस्थेचा भाग व्हावं. अशा माणसाला इथं सोयीसाठी सोबती म्हणतो.

यावर पहिली शंका येते ती कायद्याची नव्हे, पैशाची. पण कायद्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथं आपली बाजू पक्की आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९८ नुसार डिस्चार्ज देण्याआधी रुग्णाशी, त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीशी आणि घरच्यांशी बोलून पुढं कोणते उपचार आणि सेवा मिळतील याचं नियोजन करायचं असतं. कलम ११५ म्हणतं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरावं, त्याच्यावर खटला भरू नये, आणि तसा प्रयत्न पुन्हा होऊ नये म्हणून त्याला उपचार व पुनर्वसन पुरवणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम राहिलंच नाही. हे कागदावर. प्रत्यक्षात कार्डावर शेवटची ओळ असते: ‘फेरतपासणी १५ दिवसांनी’. तेच नियोजन. आणि दवाखान्यातून सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने आत्महत्येच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचे असतात, ही गोष्ट जगभरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलेली आहे.

फेरतपासणीला जायचं म्हणजे आईचं शेतातलं काम बुडणार. एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणून आई अर्ध्यात आणि पोरगं पूर्ण तिकिटात. तिसऱ्या खेपेला कुणीतरी हिशेब मांडतं आणि म्हणतं, आता बरं आहे की, कशाला जायचं? पहिली गोळी चुकते ती तिथं. उद्या जालन्याचं मनोरुग्णालय उभं राहिलं तरी हा हिशेब जिथल्या तिथंच राहणार.

आता पुरावा. इंग्लंडमध्ये मानसिक आणीबाणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ४४१ लोकांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. सगळ्यांना स्वतःची काळजी कशी घ्यायची याची एकच वही दिली होती. निम्म्यांना ती टपालानं पाठवली. उरलेल्यांसोबत आजारातून गेलेला एक प्रशिक्षित माणूस जास्तीत जास्त दहा वेळा बसला आणि ती वही भरायला मदत केली. वर्षभरात पुन्हा तातडीच्या उपचारांची वेळ आली ती टपालवाल्या गटात ३८ टक्क्यांवर, सोबत मिळालेल्या गटात २९ टक्क्यांवर. वही तीच, फरक शेजारी बसलेल्या माणसाचा.

पण मी इथंच थांबलो तर ते अर्धसत्य होईल. त्याच इंग्लंडात २०२२ मध्ये आणखी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत रुग्णालयातून घरी जाणाऱ्यांना असाच सोबती दिला होता, आणि पुन्हा भरती होण्याचं प्रमाण एकूणात कमी झालं नाही. म्हणजे ही जादूची कांडी नाही. नुसतं ‘आपणही यातून गेलोय’ म्हणून चालत नाही. काय करायचं, किती वेळा भेटायचं, हातात काम काय, हे सगळं बांधीव असेल तरच उपयोग दिसतो, असा माझा या दोन निकालांवरून निष्कर्ष आहे. आपल्याकडं नेमकी उलटी सवय आहे. योजना जाहीर करायची, नाव छान ठेवायचं आणि बांधणी खालच्या कर्मचाऱ्यावर सोडून द्यायची.

परदेशाचे दाखले नकोत असं म्हणणाऱ्यांसाठी घरचे आहेतच. दारू सोडू बघणाऱ्यांना दारू सोडलेल्यांचाच आधार मिळतो, हे मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ ला अमेरिकेत सुरू झालं आणि आज त्याच्या सभा आपल्या शहरांतही भरतात. आडनाव विचारायचं नाही, एवढा साधा नियम. पुण्यात १९८६ ला सुनंदा आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये कधीकाळी पेशंट म्हणून आलेले लोक पुढं समुपदेशक झाले. ‘हा काय शिकवणार, हाच पिऊन पडायचा’ असं तिथं कुणी म्हणत नाही, उलट त्याचं पिऊन पडणं हीच त्याची पात्रता ठरते. पुण्यातच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननं शुभार्थी (आजारी माणूस) आणि शुभंकर (त्याची काळजी घेणारे घरचे) यांचे स्वमदत गट चालवून दाखवले. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पानं गावातल्याच स्वयंसेवकांना ताण ओळखायला आणि बोलतं करायला शिकवलं. शेजारच्या गुजरातेत २०१४ नंतर सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत आजारातून गेलेल्या माणसांना सोबती म्हणून तयार केलं गेलं. त्या कामात पुढं होती ती पुण्यातली इंडियन लॉ सोसायटी. आखणी पुण्यात, प्रयोग गुजरातेत, आणि मराठवाडा नेहमीप्रमाणे बातमी वाचणार.

आपल्याकडं काहीच झालं नाही असंही नाही. २०१५ ला सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्याचे १४ जिल्हे होते. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेला माणूस हुडकायचा आणि पुढं पाठवायचा, ही कल्पना चांगलीच. पण तिचा रोख शेतकऱ्यावर होता, हुडकण्यावर होता. सातबारा ज्याच्या नावावर नाही, कर्ज ज्याच्या नावावर नाही, अशा पोराचं उपचारानंतर काय, हा प्रश्न तिच्या चौकटीत बसणारा नव्हता. २०२२ मध्ये टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन सुरू झाली. १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, आणि रात्री दोन वाजता तो लागतो हे फार मोठं काम आहे. हा नंबर प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर हवा. पण फोनवरचा माणूस पुढच्या मंगळवारी तुमच्यासोबत एसटी स्टँडवर चहा प्यायला येत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांचा आक्षेप मला पटतो तिथवर पटतो. ते म्हणतात, सोबती म्हणून ठेवलेलं पोरगं ‘मी तर गोळी सोडून दिली, काही झालं नाही’ असं सांगून बसलं तर? खरं आहे. म्हणून पहिला नियम हाच असावा की औषध कमी-जास्त करण्यावर सोबत्यानं तोंड उघडायचं नाही, धोक्याचं काही कानावर आलं तर ते स्वतःपाशी ठेवायचं नाही, आणि आठवड्यातून एकदा सायकियाट्रिक सोशल वर्करसमोर बसून सगळं सांगायचं. दुसरा आक्षेप असा की सोबती स्वतःच पुन्हा आजारी पडेल. पडेलही. मधुमेह असलेल्या शिक्षकाची साखर वाढते तेव्हा आपण त्याला रजा देतो, शिक्षकच नको असं म्हणत नाही. रजा, बदली सोबती आणि परत येण्याची मोकळीक नेमणुकीच्या कागदातच लिहावी.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आणि इथं मुंबई-पुण्याचा साचा मराठवाड्यात जसाच्या तसा बसत नाही.

सोबत्याचं काम म्हणजे ‘मलाही हे झालं होतं’ असं उघड म्हणणं. पुण्यात हे म्हणणारा माणूस संध्याकाळी घरी जातो तेव्हा शेजाऱ्याला ठाऊक नसतं. केज-धारूर-भूमकडं असं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात एका पोरानं हे काम धरलं की चार दिवसांत बाजारात माहीत, आठ दिवसांत सोयऱ्यांत. मग एकट्या त्याचंच लग्न अडत नाही, पाठच्या बहिणीचंही अडतं. ‘त्यांच्यात आहे ते’ एवढं वाक्य स्थळ मोडायला पुरतं, पुढचं कुणी ऐकूनही घेत नाही. तेव्हा ‘कलंक दूर करायला तरुणांनी पुढं यावं’ हे व्यासपीठावरून बोलणं फार सोपं आहे. बोलणाऱ्याच्या घरचं लग्न अडणार नसतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली पगाराची. ज्या माणसाला आपण त्याची पत, त्याचं लग्न, त्याच्या घराचं नाव पणाला लावायला सांगतो, त्याला महिन्याकाठी चार पैसे मानधन आणि एक प्रमाणपत्र देऊन वाटेला लावणं हा निव्वळ अन्याय आहे. आशाताईंचं काय केलं आपण? आरोग्याची निम्मी व्यवस्था त्यांच्या खांद्यावर आणि त्या मोबदल्यासाठी मोर्चात. सोबत्याचं तेच होणार असेल तर हे न केलेलं बरं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात दोन दशकांहून जास्त काळ असं काम करणाऱ्यांच्या सेवेचे पैसे सरकारी विम्यातून दिले जातात. म्हणजे ते काम मानलं गेलंय. आणि गावाकडची खरी गोष्ट सांगतो: सरकारी नोकरी लागली की आजाराची चर्चा आपोआप खाली बसते. ‘येडं झालं होतं’ म्हणणारेच ‘दवाखान्यात लागलंय’ म्हणायला लागतात. कलंक पुसायची शंभर पथनाट्यं एकीकडं आणि दर महिन्याला बँकेत जमा होणारा पगार एकीकडं. मी पगारावर पैज लावीन.

दुसरी गोष्ट जागेची. सोबती शक्यतो शेजारच्या तालुक्यातला असावा. गेवराईच्या पोराला माजलगावचा, औशाच्या पोरीला निलंग्याची. भेट कुठं व्हावी हे त्या दोघांनी ठरवावं. दवाखान्याच्या ‘मानसिक आरोग्य कक्ष’ अशा पाटीखाली भेटायची सक्ती केली तर कुणी येणार नाही. आठवडी बाजाराचा दिवस सगळ्यात चांगला, कारण त्या दिवशी तालुक्याला का गेला होता असं कुणी विचारत नाही. कॉलेजात भेटायचं असेल तर ग्रंथालय चालतं. सगळ्या नोंदी सोबत्याकडं टोपणनावानं, खरं नाव फक्त सोशल वर्करकडं.

मुलींचं प्रकरण याहून अवघड आहे आणि त्यावर माझ्याकडं तयार तोडगा नाही. नव्यानं लग्न झालेल्या पोरीला सासरी झटका आला की तिला माहेरी आणून सोडतात, आणि मग बरी झाली तरी नांदवायला नेतात की नाही हाच घरातला एकमेव विषय होतो. ती सोबतिणीला भेटायला एकटी बाहेर पडेल ही अपेक्षाच चुकीची. अंगणवाडी, बचत गट, शिवणक्लास अशा जिथं बाया आधीच जमतात तिथूनच वाट काढावी लागेल. बचत गट मराठवाड्यात गावोगाव आहेत. पण गटातल्या बायांच्या तोंडी एकदा विषय गेला की तो गुपित राहत नाही, हेही तितकंच खरं. सोबतीण घरी जाईल, तर ती कोण म्हणून जाईल? आरोग्य खात्याची बाई म्हणून गेली तर दार उघडतं, असा आशाताईंचा अनुभव आहे. तेव्हा मुलींसाठी तरी खात्याचं ओळखपत्र ही चैन ठरत नाही, त्याच्याशिवाय काम उंबऱ्याच्या आतच जाणार नाही.

एक धोका मात्र आधीच बोलून ठेवला पाहिजे. सोबती आले की सरकार म्हणेल, बघा, मनुष्यबळाचा प्रश्न सुटला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये १२ राज्यं पाहिली (त्यांत महाराष्ट्र नव्हता) आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना आहेत असं सांगितलं. एवढं मोठं खिंडार स्वस्तातल्या माणसांनी बुजवायचा मोह कुठल्याही खात्याला होईल. सोबती डॉक्टरच्या जागी नको, डॉक्टरच्या शेजारी हवा. जिथं मानसोपचारतज्ज्ञाची जागा रिकामी आहे तिथं सोबती नेमूच नये, असा उलटा नियम मी करीन. त्यामुळं निदान रिकामी जागा भरायचा दबाव तरी राहील.

सुरुवात मोठी नको. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, आणि त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर, परिचारिका अशी पदांची रचना आहे. त्याच रचनेत जिल्ह्याला चार सोबत्यांची पदं घाला, दोन पुरुष आणि दोन स्त्रिया, वय तिशीच्या आत, किमान दोन वर्षं स्थिर आणि उपचारात असलेले. बीड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आधी करा. लातुरात शिकवणीच्या निमित्तानं घरापासून तुटलेली हजारो मुलं आहेत, बीडमधून दर हंगामात ऊसतोडीला घरंच्या घरं बाहेर पडतात आणि फेरतपासणीची तारीख कारखान्याच्या पट्ट्यात हरवते. दोन्हीकडच्या अडचणी वेगळ्या, म्हणून शिकायला मिळेल तेही वेगळं. उसाच्या फडात असलेल्या पोराला सोबत्याचा दर आठवड्याचा फोनच पुरवावा लागेल, आणि दिवाळीनंतर टोळी निघायच्या आधी चार महिन्यांच्या गोळ्यांची सोय हे सोबत्याचं पहिलं काम असेल. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवा: सोबत्याचं नाव आणि पहिल्या भेटीची तारीख, सुट्टी झाल्यापासून सात दिवसांच्या आतली. आणि दवाखाना सोडण्याआधी, पोरगं कॉटवर असतानाच, सोबत्यानं येऊन एकदा भेटून जावं. घरी गेल्यावर अनोळखी माणसाचा फोन कुणी उचलत नाही.